कस्तुरा ओव्हाळ आणि दोन विलायती गिटारी

कस्तुरा खालुंब्र्याची. चाकणहून तळेगावकडे जाताना लागतं ते गाव. तिचे वडील कोंडीराम दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जात. पोरगी सातवी पास झाली तेव्हा त्यांनी सगळ्या वस्तीला गूळ वाटला होता. १९६२ साली पिंपरीच्या एका रेडिओ कंपनीनं बायकांची भरती काढली, तेव्हा ते स्वतः तिला एसटीनं घेऊन आले. भरतीला आलेल्या प्रत्येकीपुढे साहेब तांब्याच्या तारेचं एक रीळ ठेवत होता. तार केसाइतकी बारीक. तिचं टोक शोधायचं आणि सुईच्या नेढ्यातून ओवायचं, एवढीच परीक्षा. बाकीच्या मुली रीळ उजेडाकडे धरून डोळे ताणत होत्या. कस्तुरानं डोळे मिटले, रीळ हळूहळू बोटांत फिरवलं आणि टोक नखाला लागल्याबरोबर सुईत घातलं. साहेबानं तिचं नाव लिहून घेतलं.

अठराव्या वर्षी ती वाइंडिंग खात्यात बसली ती बसलीच. रेडिओत लागणाऱ्या कॉइली गुंडाळायचं काम. यंत्र फिरायचं, आकडा दाखवणारं घड्याळ पुढं सरकायचं, पण तार किती ओढून धरायची ते बोटांनी ठरवायचं असे. जोर झाला की तुटते, सैल सुटली की वेढे एकमेकांवर चढतात. तिच्या कॉइली तपासणीतून परत येत नसत. खात्यात कुणाची तार सारखी तुटायला लागली की साहेब कस्तुराला तिच्या शेजारी बसवत.

१९६५ साली तिचं ज्ञानदेव ओव्हाळशी लग्न झालं. ज्ञानदेव भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता आणि आई चिमाबाईबरोबर कासारवाडीत, रेल्वे लाइनीला लागून असलेल्या चाळीत राहत होता. माणूस हसरा. जयंतीला भीमगीतांच्या पार्टीत बँजो वाजवायचा. एकदा पुण्याला कॅम्पात एका इराण्याच्या हॉटेलात, पैसा टाकला की तबकडी वाजवणाऱ्या पेटीवर त्यानं विलायती गाणं ऐकलं. त्यात इलेक्ट्रिक गिटार होती. तीन चहा पिऊन त्यानं ते गाणं पुन्हा पुन्हा लावलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की तार छेडल्यावर माणूस ओरडल्यासारखा सूर निघतो आणि निघून लांबत जातो, मरत नाही.

तशी गिटार विकत घेणं त्यांना झेपणारं नव्हतं. ज्ञानदेवानं जुन्या बाजारातून एका मोडक्या गिटारीची मान आणली आणि सागवानी दाराच्या फळीतून धड कापलं. अडलं ते पिकअपपाशी. तारांच्या खाली बसतो तो तुकडा. आत लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. ते ऐकून कस्तुरा म्हणाली, हे तर मी रोज करते. साहेबाची परवानगी घेऊन तिनं रिळांच्या तळाशी उरलेली तार घरी आणली, शिलाई मशीनच्या चाकावर पिकअप गुंडाळला. सात हजार वेढे. चार दिवस लागले. चिमाबाई चुलीपाशी बसून बघत होती. हे दोघं खुळावले, असं तिनं शेजारच्या शालनबाईला सांगितलं, पण सांगताना हसत होती.

गिटार वाजली, पण सुरांबरोबर घूंऽऽ असा एक आवाजही येत राहिला. ज्ञानदेव वैतागला. कस्तुरा दोन संध्याकाळी नुसती त्याच्यासमोर बसून राहिली. तिच्या लक्षात आलं की वायर खोचायच्या जागच्या पत्र्याला त्याचं बोट लागलं की तो आवाज बसतो. मग तिनं त्या पत्र्यापासून तारा जिथं अडकवल्या होत्या त्या लोखंडी पट्टीपर्यंत एक काळी वायर नेली आणि डाग देऊन जोडली. आता ज्ञानदेवाचा हात तारांवर पडला की आवाज गप. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो चाळभर सांगत फिरला की माझ्या बायकोनं शोध लावला.

त्या गिटारीवर तो उद्धवरावांच्या ऑर्केस्ट्रात लागला. उद्धवराव चिंचवडचे. कामगार वसाहतींत, कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत, गणपतीत त्यांचा ऑर्केस्ट्रा चाले. स्वतः काही वाजवत नसत, पण गोड बोलून माणसं बांधून ठेवत. अ‍ॅम्प्लिफायर, ढोल, पडदे सगळं त्यांचं. फक्त गिटार ज्ञानदेवाची.

मार्च १९७० मध्ये चिंचवडलाच एका वसाहतीत कार्यक्रम होता. मंडपात धुरळा बसावा म्हणून दुपारी पाणी मारलेलं. चारच्या सुमाराला आवाज जुळवायला ज्ञानदेव गिटार गळ्यात घालून अनवाणी उभा राहिला, डावा हात तारांवर ठेवला आणि उजव्यानं माइक जवळ ओढला. लोक म्हणाले, तो माइकला चिकटला आणि तसाच उभा राहिला. वायर उपटेपर्यंत वेळ गेला होता.

कस्तुरा पहिली पाळी करून घरी आली होती, तांदूळ निवडत होती. सायकलवरून निरोप आला. ती गेली, बघितलं. त्याच्या पायाला चिखल लागला होता तो तिनं पदरानं पुसला. पुसताना तिला एवढंच वाटलं की हा पदर आता भिजत घालावा लागेल. नंतर वर्षानुवर्षं तिला त्या दिवसातलं दुसरं काही आठवलं नाही, तेवढं मात्र आठवत राहिलं.

उद्धवरावांनी पंचांना सांगितलं की गिटार घरी बनवलेली होती, बायकोनं तिच्यात कसली तरी वायर जोडली होती, करंट तारांत उतरला. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. गिटार उघडून बघितली तर वायर होतीच. खोटं काहीच नव्हतं त्यात. दुसऱ्या दिवशी घर चाळीतल्या माणसांनी भरलेलं असताना चिमाबाई सुनेसमोर येऊन बसली आणि विचारलं, "ती तार तूच जोडली व्हतीस न्हवं?"

कस्तुरा म्हणाली, "हो."

चिमाबाईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दोघींपैकी कुणाला जायला दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. खालुंब्र्याहून कोंडीराम लेकीला न्यायला आले होते; चिमाबाईची बहीण काळेवाडीला होती. पण कस्तुरा पाचव्या दिवशी कामावर गेली, पगारातून घर चालू राहिलं आणि चिमाबाई भाकरी थापत राहिली. मूलबाळ नव्हतं. त्या दोन खोल्यांत दोन बायका एकमेकींना लागेल तेवढंच बोलत. पाणी आलं. रॉकेल संपलं. शालनबाईकडे बारसं आहे.

कस्तुरा रडली नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं धक्का बसलाय, सावकाश रडेल. मग म्हणू लागले की बाई दगड आहे. तिलाही तसं वाटायचं, पण त्याचंही तिला काही वाटत नसे. खात्यात बायका गोष्टी सांगून हसत, तेव्हा तीही हसत असे. कधी हसायचं ते बाकीच्यांकडे बघून कळत होतं. १९७२ च्या दुष्काळात गावाकडे विहिरी आटल्या, वडील गेले, ती जाऊन आली. परत आल्यावर मशीनवर बसली आणि त्या दिवशी तिच्या कॉइली नेहमीइतक्याच भरल्या. साहेबांनी एकदा तिला सांगितलं की तुझ्या हाताला विश्रांती दे, रजा घे. ती म्हणाली, रजेत काय करू.

कासारवाडी स्टेशनजवळ यशवंतरावांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. यशवंतराव खडकीला मिलिटरीच्या बँडमध्ये होते. निवृत्त झाल्यावर क्लॅरिनेटच्या चाव्यांपासून पेटीच्या भात्यापर्यंत काहीही दुरुस्त करत. १९७६ च्या आसपास त्यांच्याकडे जळालेल्या पिकअपची एक गिटार आली आणि हे कोण गुंडाळून देईल म्हणून विचारपूस करताना कुणीतरी कस्तुराचं नाव सांगितलं. यशवंतराव त्या भागात नवे. ज्ञानदेवाचं प्रकरण त्यांना माहीत नव्हतं. कस्तुरानं नाही म्हणावं असं शालनबाईला वाटलं. कस्तुरा हो म्हणाली. नाही म्हणायला काही कारण सापडेना. त्यानंतर ती दर रविवारी सकाळी दोन-तीन तास त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागली.

आता त्या दोन गिटारींची गोष्ट.

१९७८ सालच्या थंडीत उद्धवराव दोन लांबट पेट्या रिक्षात घालून दुकानात आले. पुण्यात तेव्हा ध्यानधारणेला येणाऱ्या गोऱ्या लोकांची रीघ लागली होती. त्यातला एखादा मायदेशी जायला निघाला की जवळ असेल ते विकून तिकीट काढायचा. उद्धवरावांना महिन्याभरात अशा दोघांनी दोन गिटारी दाखवल्या होत्या. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नव्हतं आणि दोघांनीही एकच सांगितलं: विलायतेतल्या एका गाजलेल्या बँडच्या गिटारवाल्यानं ही वाजवलीय, अमुक तबकडीत हाच आवाज आहे. उद्धवरावांनी दोन्ही आठवड्याच्या बोलीवर आणल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची. ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीत 'जगप्रसिद्ध गिटार' असं छापायचं त्यांच्या मनात होतं. खरी कुठली ते यशवंतरावांनी सांगायचं.

कोपऱ्यात बसलेल्या कस्तुराला त्यांनी ओळखलं. वहिनी, तुम्ही इथं, असं म्हणून ते थोडे थबकले, मग पेट्या उघडू लागले.

एक गिटार तांबूस काळपट होती, कडेला गडद आणि मध्ये उजळ. हात टेकतो तिथला रंग पार उडून लाकूड उघडं पडलेलं. दुसरी पांढरी, मलईसारखी पिवळट पडलेली, पण अंगावर ओरखडा नाही. उद्धवरावांनी त्या तबकडीचं पुठ्ठ्याचं पाकीटही आणलं होतं. त्यावर बँडचा फोटो होता, चौघं लांब केसांचे, त्यातल्या एकाच्या गळ्यात गिटार. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंगाचा काही पत्ता लागत नव्हता.

यशवंतरावांनी भिंग घेतलं. फोटोतल्या गिटारीच्या पुढच्या पत्र्याला आठ स्क्रू मोजता येत होते. तांबूस गिटारीला आठ होते, पांढरीला अकरा. उद्धवरावांचा चेहरा पडला, कारण त्यांना पांढरी आवडली होती. पण यशवंतराव म्हणाले, थांबा. त्यांनी दोन्ही गिटारींच्या मानेवरून बोट फिरवलं. तांबूस गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या वरच्या अंगाला, जाड तारांखाली झिजल्या होत्या; म्हणजे ती साथीला वाजवणाऱ्याची. पांढरीच्या पट्ट्या पार खाली, बारीक तारांखाली खड्डे पडेपर्यंत झिजलेल्या. ही एकट्यानं सूर खेचणाऱ्याची. आणि तो विलायती माणूस सूर खेचण्याबद्दलच प्रसिद्ध. मग काय धरायचं? स्क्रू एक सांगत होते, पट्ट्या दुसरं.

"कस्तुराबाई, तुम्ही जरा आत बघा," यशवंतराव म्हणाले.

तिनं दोन्हींच्या तारा काढल्या, पत्रे सोडवले आणि पिकअप उलटे केले. तांबूस गिटारीतली तार जुनी होती, जांभळट तपकिरी झाक असलेली. वेढे एकसारखे नव्हते. तीनही पिकअप एकाच हातानं गुंडाळलेले दिसत होते, कारण तिन्हींत शेवटचे वेढे डाव्या अंगाला जरा जास्त चढले होते. तिच्याही हातून पाळी संपत आली की असंच व्हायचं. हे काम यंत्रानं केलेलं नाही, यंत्रापाशी बसलेल्या कुणा बाईनं बोटात तार धरून केलंय, असं ती म्हणाली. बाईच कशावरून, असं उद्धवरावांनी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे बाप्ये या कामाला टिकत नाहीत, तिकडे टिकत असतील तर ठाऊक नाही.

पांढरीचे दोन पिकअप तसेच, पण मधला नंतर कुणीतरी नव्यानं गुंडाळलेला होता. तार लालसर, वेढे एकसारखे, एकाला एक चिकटून. म्हणजे ही गिटार कधीतरी बिघडून दुरुस्त झाली होती. कुठल्या देशात, कधी, ते सांगता येत नव्हतं. यशवंतरावांनी तिघांपुढे चहा ठेवला आणि निकाल सांगितला. तांबूस गिटार फोटोतल्या गिटारीच्या वर्षांतली असेल, पण त्या वर्षी कंपनीनं हजारो केल्या असतील. पांढरी कुणा कसलेल्या माणसानं वाजवलीय, पण तो हाच माणूस असं म्हणायला आधार नाही. दोन्ही गोऱ्यांना हीच कथा दुसऱ्या कुणी सांगून विकली असेल. उद्धवरावांनी मान हलवली आणि विचारलं की छापायला काही हरकत नाही ना.

कस्तुराचं त्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तांबूस गिटारीच्या मागच्या खाचेत स्प्रिंगा होत्या आणि त्यांच्या पट्टीला एक काळी वायर डाग देऊन जोडलेली होती. तिनं पांढरी उलटी केली. तीच वायर, तीच जागा.

"ही वायर कशाला असते?" तिनं विचारलं.

यशवंतरावांनी चष्मा लावून बघितलं. "ती होय. तारांना अर्थिंग देते. हात पडला की घूंघूं बंद होतं."

"दोन्हींत आहे."

"सगळ्यांतच असते. जगातली कुठलीही इलेक्ट्रिक गिटार उघडा, ही वायर असणारच."

उद्धवरावांनी कप खाली ठेवला. मग कस्तुरानं विचारलं, अशा गिटारीतून माणसाला करंट लागला, तर तो ह्या वायरीमुळे लागतो का. यशवंतरावांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. आपण कुणाबद्दल बोलतोय हे ते जाणत नव्हते, म्हणून सरळ बोलले. गिटारीत करंट नसतोच. करंट असतो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. त्याला तीन पायांची पिन न लावता दोन पायांची लावली, आत काही फुटलेलं असलं, तर त्याचं सगळं पेटाड जिवंत होतं आणि तिथून वायरीनं करंट वाद्यात येतो.

"वायर नसेल तर माणूस वाचेल, हे खरं," यशवंतराव म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण वायर बरोबरच आहे. ती असायलाच हवी. चूक अ‍ॅम्प्लिफायरवाल्याची."

कस्तुरानं उद्धवरावांकडे बघितलं. "दोन पायांची पिन होती?"

उद्धवरावांनी तबकडीचं पाकीट उचलून काखेत धरलं. सगळ्यांच्याच तेव्हा दोन पायांच्या असायच्या, असं ते म्हणाले. "आठ वर्षं झाली त्याला, वहिनी."

ती हो म्हणाली. मग पिकअप जागेवर बसवले, पत्रे लावले आणि एकेक स्क्रू पिळला, आठ तांबूस गिटारीचे, अकरा पांढरीचे. तिला आत कुठंतरी काही हलेल असं वाटत होतं, म्हणून तिनं वाट बघितली. काही हललं नाही. स्टेशनात लोणावळ्याची गाडी येऊन गेली. ती घरी निघाली.

घरी चिमाबाई लसूण सोलत होती. कस्तुरा तिच्यासमोर बसली आणि बघितलं ते सगळं क्रमानं सांगितलं: दोन गिटारी, दोन्हींतली काळी वायर, यशवंतरावांचं बोलणं, दोन पायांची पिन. वायर नसती तर ते वाचले असते, हेही सांगितलं. ते वगळावं असं तिच्या मनात आलं नाही. चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं, सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि उठून चूल पेटवली. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली की उद्धवराव तेव्हा जलदानविधीला आला व्हता, माझ्या पाया पडला व्हता.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा कामावर गेल्यावर चिमाबाई लुगडं बदलून बाहेर पडली. लोकलनं चिंचवडला उतरली आणि विचारत विचारत उद्धवरावांच्या ऑफिसात गेली. त्यांनी खुर्ची दिली. तिनं घेतली नाही. ती म्हणाली, पंचास्नी सांगितलंस तसं आमच्या चाळीत येऊन खरं सांग. उद्धवरावांनी समजूत काढली, चहा मागवला, पाकिटात काही घालून द्यायला निघाले. ती बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली आणि पाच वाजता उठून घरी गेली. मंगळवारी परत आली. बुधवारीही. ओरडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, बसलेय. वाजवणारी मंडळी तिला वळसा घालून आत जात होती आणि त्यांच्यातल्या जुन्यांनी ती कोण ते नव्यांना सांगितलं होतं.

कस्तुराला हे कळलं ते बुधवारी संध्याकाळी, शालनबाईकडून. तिला वाटत होतं चिमाबाई विहारात जाते.

"आत्याबाई, कशाला बसता तिथं?" तिनं विचारलं. "त्यानं काय व्हायचंय?"

चिमाबाईनं पाय चेपत उत्तर दिलं. "तुला मी इचारलं व्हतं, तार तूच जोडलीस का. मी इचारलं ते समद्या चाळीनं ऐकलं. आता त्यो काय म्हनतो ते बी समद्यांनी ऐकावं."

गुरुवारी ती गेली तेव्हा उद्धवराव दारातच उभे होते. रविवारी येतो म्हणाले.

आले. कासारवाडीच्या विहारात वंदना संपली होती, चाळीतली पन्नासेक माणसं निघायच्या बेतात होती. उद्धवराव चपला काढून आत आले, पुढं उभे राहिले. ज्ञानदेव गेला तो माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे, असं ते म्हणाले. त्याच्या गिटारीत काही दोष नव्हता. वहिनींनी जोडलेली वायर बरोबर होती, विलायती गिटारीतही तशीच असते. मला तेव्हाच अंदाज होता, पण मी घाबरलो. एवढं बोलून ते खाली बघत राहिले. चिमाबाई म्हणाली, "जा आता," आणि ते गेले.

लोक कस्तुराकडे बघत होते. ती भिंतीला टेकून उभी होती. उद्धवरावांच्या सदऱ्याचं मधलं बटण दोऱ्यावर लोंबत होतं ते ती बोलणंभर बघत राहिली होती. परत जाताना लोकलमध्ये पडेल, असं तिला वाटत होतं. शालनबाईनं तिचा हात धरला आणि रडायला लागली. कस्तुरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. नळाला पाणी यायची वेळ झाली होती. घरी जाऊन ते भरायचं होतं.

उद्धवरावांनी त्या आठवड्यात आपले सगळे अ‍ॅम्प्लिफायर यशवंतरावांकडे आणून तीन पायांच्या पिना लावून घेतल्या. तांबूस गिटार परत गेली. पांढरी त्यांनी ठेवली आणि जाहिरातीत तिचा फोटो छापला, खाली मोठ्या अक्षरांत ते विलायती नाव. चाकणपासून लोणावळ्यापर्यंत लोक ती गिटार बघायला येत. दोन वर्षं ऑर्केस्ट्रा जोरात चालला. पुढं गावोगाव व्हिडिओ आले आणि तो बंद पडला.

चिमाबाई आणि कस्तुरा पूर्वीसारख्याच राहत होत्या. पाणी आलं, रॉकेल संपलं. फरक पडला तो चिमाबाईत. ती कस्तुराची कामं न विचारता करू लागली. अधू झालेल्या नजरेनं तिचे केस विंचरून द्यायची, चपलेचा अंगठा शिवून आणायची. कस्तुराला त्याचं बरं-वाईट काही वाटत नव्हतं. ती केस विंचरून घ्यायची.

१९८१ सालच्या एका दुपारी कस्तुरा पहिल्या पाळीवरून आली, तर दोरीवर तिचा कंपनीचा नवा पांढरा कोट वाळत होता. चिमाबाईनं तो धुऊन निळीत घातला होता आणि नीळ भरमसाट पडली होती. कोट जागोजागी निळा, काही ठिकाणी जांभळा झाला होता. कस्तुरा त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिच्या तोंडून आवाज निघाला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

आवाज इतका मोठा होता की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. चिमाबाईनंही तसंच उत्तर दिलं. तुझं धुणं धुवायचं, वर बोलून घ्यायचं, माझे डोळे गेले ते काय मी दिले व्हय टाकून. कस्तुरा म्हणाली, डोळे गेले तर हात लावू नका. चिमाबाई म्हणाली, हात न्हाई लावत, चुलीला बी न्हाई, ऱ्हा मग उपाशी. शालनबाई पिठाच्या हातानं धावत आली, चाळीतली सगळी दारं उघडली. दोघी थांबेनात. अकरा वर्षांत जे जे बोलायचं राहिलं होतं त्यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. कोट, नीळ, बादली, गेल्या वर्षी फुटलेला माठ, त्यावरच भांडत राहिल्या. साडेतीनचा भोंगा झाला तरी भांडण चालूच होतं. शेवटी चिमाबाईला खोकला आला आणि कस्तुरानं तिला पाणी दिलं. पाणी देताना कस्तुराचे हात कापत होते. तिनं ते समोर धरून बघितले.

त्या दिवशी चिमाबाईनं खरंच स्वयंपाक केला नाही. कस्तुरानं केला. पिठलं आणि भाकरी. तिला भूक लागली होती. दोघी एकमेकींकडे न बघता जेवल्या आणि चिमाबाई म्हणाली की पिठलं जरा पातळ झालंय.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा तो निळा-जांभळा कोट घालूनच कामावर गेली. खात्यातल्या बायका हसल्या. ती कुणाकडे न बघता हसली, थोडं उशिरा, आणि मशीन चालू केलं.